दंतरुग्णालयातील नोंदी कशा वाचाव्यात : कीड, हिरड्या, सुपारी आणि उशीर

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय असो किंवा लातूर, नांदेड, परभणी येथील दंत महाविद्यालये असोत, तेथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर निघतो. वय, गाव, व्यवसाय, मुख्य तक्रार, तपासणीत काय दिसले, निदान काय झाले आणि उपचार कोणता केला, अशी नोंद त्यावर होत जाते. असे वर्ष-दोन वर्षांचे केसपेपर एकत्र करून कोणता आजार किती जणांना होता, कोणत्या वयात होता आणि त्यावर काय उपचार झाले, याची कोष्टके मांडायची, हा दंतवैद्यकातील संशोधनाचा जुना आणि आजही उपयोगी प्रकार आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे अनेक प्रबंध याच पद्धतीने तयार होतात. त्यांतील एखादा आकडा मग वर्तमानपत्रात येतो आणि ‘इतके टक्के लोकांचे दात किडलेले’ असा मथळा होतो. तो आकडा बहुधा खरा असतो, पण मथळ्यात त्याचा जो अर्थ लावलेला असतो तो पुष्कळदा खरा नसतो.

याचे कारण असे की, दंतरुग्णालयात येणारा माणूस मुळातच दाताच्या तक्रारीमुळे आलेला असतो. ज्याचे काही दुखत नाही तो तेथे येत नाही. ज्याचे दुखते, पण येण्याजोगे पैसे किंवा सुटी नाही, तोही येत नाही. मोंढ्यावर आलेल्या सोयाबीनवरून शिवारात पीक कसे आहे हे जितके कळेल, तितकेच रुग्णालयातील नोंदींवरून गावातील दातांविषयी कळते, कारण जो माल शेतातच कुजला तो मोंढ्यापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये या अडचणीचे गणित मांडले. दोन आजारांपैकी कोणताही एक माणसाला रुग्णालयात आणू शकत असेल, तर समाजात त्या दोहोंचा काहीही संबंध नसला तरी रुग्णालयाच्या नोंदवहीत संबंध असल्याचा भास होतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच ‘आमच्या रुग्णांपैकी एवढ्यांना’ आणि ‘आमच्या जिल्ह्यातील लोकांपैकी एवढ्यांना’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

समाजातील प्रमाण हवे असेल तर घरोघरी किंवा शाळाशाळांतून पाहणी करावी लागते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये अशी राष्ट्रीय पाहणी केली. तिच्यात १२ वर्षांच्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण ५३.८ टक्के, ३५ ते ४४ या वयोगटात ८०.२ टक्के आणि ६५ ते ७४ या वयोगटात ८५ टक्के आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. हा आजार एवढा सर्वत्र आहे. त्यामुळे रुग्णालयातील अभ्यासाने ‘दात किडणे हा सर्वांत सामान्य आजार आहे’ असा निष्कर्ष काढला तर त्यात नवे काहीच हाती लागत नाही. अशा अभ्यासाचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी असते. माणूस आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आला आणि त्या टप्प्यावर त्याला काय मिळाले, हे फक्त याच नोंदी सांगू शकतात. माझ्या मते मराठवाड्यातील दंतरुग्णांच्या नोंदी आजाराइतक्याच उशिराच्याही नोंदी आहेत आणि त्या तशाच वाचल्या पाहिजेत.

तक्रारीच्या रकान्यातील शब्द

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि त्यात नस नसते. त्याखाली डेंटिन हा थोडा मऊ थर असतो आणि सर्वांत आत नसा व रक्तवाहिन्या असलेला गाभा असतो. तोंडातील जिवाणू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. दातावरील थराचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात केलेल्या मोजणीत असे दिसले की, गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सामू झपाट्याने उतरतो आणि तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे दिवसभरात एकूण किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दाताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आणि त्याबरोबर बिस्किटे घेणाऱ्याच्या दातांना खनिजे परत मिळवायला फारसा अवकाशच उरत नाही. मधल्या काळात लाळ ही खनिजे दाताला परत देत असते आणि अगदी सुरुवातीची कीड, जी पांढुरक्या डागासारखी दिसते, ती तेथेच थांबू शकते.

हे समजले की केसपेपरवरील तक्रारीचा रकाना वेगळ्याच रीतीने वाचता येतो. कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत काहीच दुखत नाही, म्हणून त्या टप्प्यावर आलेला रुग्ण नोंदवहीत क्वचितच सापडतो. ‘थंड लागतं’, ‘गोड खाल्लं की झिणझिण्या येतात’ असे लिहिलेले असेल तर कीड डेंटिनपर्यंत पोहोचली आहे. ‘रात्री ठणका मारतो, झोप लागत नाही’ असे असेल तर गाभ्याला सूज आली आहे. त्यानंतर पुष्कळदा दुखणे अचानक थांबते आणि माणसाला बरे वाटते, पण प्रत्यक्षात गाभा मेलेला असतो आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस ‘गाल सुजला’ म्हणून येतो. या प्रत्येक टप्प्यावर उपचार बदलतो. कीड डेंटिनपर्यंतच असेल तर सिमेंट भरून भागते, गाभ्याला सूज आल्यावर बहुतेकदा रूट कॅनाल लागते आणि दाताचा वरचा भाग फारच गेला असेल तर दात काढण्यावाचून इलाज राहत नाही.

या प्रवासात मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. वेदनाशामक गोळी सूज तात्पुरती दाबते, किडीला ती स्पर्शही करत नाही. अँटिबायोटिकविषयी तर अधिक स्पष्टपणे सांगायला हवे. मेलेल्या गाभ्यात रक्तपुरवठाच उरलेला नसतो, म्हणून पोटातून घेतलेले औषध तेथे पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच विचाराने म्हटले आहे की, बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, दातावरच उपचार करावा. चेहऱ्यावर पसरत जाणारी सूज, ताप, गिळताना त्रास ही लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी आणि तातडीची असते.

नोंदींकडे आणखी बारकाईने पाहिले तर एक क्रमांक वारंवार भेटतो, तो म्हणजे ४६ आणि त्याच्याच जोडीचा ३६. दंतवैद्य तोंडाचे चार भाग करून दातांना दोन अंकी क्रमांक देतात. ४६ म्हणजे खालच्या जबड्यातील उजवीकडची पहिली कायमची दाढ आणि ३६ म्हणजे डावीकडची. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते आणि ती कोणताही दुधाचा दात पाडून येत नाही, तर शेवटच्या दुधाच्या दाढेमागे मोकळ्या जागेत निमूटपणे उगवते. दात पडल्याशिवाय नवा येत नाही, अशी घरच्यांची समजूत असल्याने आई-वडील तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडली तरी सोडून देतात. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचा ब्रश तेथवर नीट जात नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी ते मूल ठणका घेऊन रुग्णालयात येते, तेव्हा आयुष्यभर चावायला लागणारी दाढ वाचवायची की काढायची, हा प्रश्न उभा राहिलेला असतो. मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेतील पहिली-दुसरीच्या पालकांना या एका दाढेची ओळख करून दिली तरी पुढच्या कितीतरी नोंदी टळतील, असे मला मनापासून वाटते.

किडीची मोजणी आणि तिच्यातील फरक

दात किडण्याचे मोजमाप करण्यासाठी क्लाइन, पामर आणि नटसन यांनी १९३८ मध्ये मांडलेली डीएमएफटी नावाची पद्धत आजही जगभर वापरतात. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले असे तीन प्रकारचे दात मोजून त्यांची बेरीज करायची, इतकी ती सोपी आहे. तिच्या सोपेपणातच एक सापळा आहे. एकाचे सहा दात किडले आणि सहाही वेळेत भरले गेले, तर त्याचा आकडा सहा येतो. दुसऱ्याचे चार दात काढून टाकावे लागले आणि दोन किडलेले तसेच आहेत, तर त्याचाही आकडा सहाच येतो. पहिला माणूस ज्वारीची भाकरी व्यवस्थित चावून खातो, दुसऱ्याला ती दुधात कुस्करून खावी लागते. भारतातील बहुतेक अभ्यासांत या बेरजेतील भरलेल्या दातांचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून डीएमएफटीची सरासरी वाचताना बेरजेवर न थांबता तिचे तिन्ही भाग स्वतंत्रपणे पाहावेत. गमावलेल्या दातांच्या बाबतीतही दात किडीने गेला की हिरड्यांच्या आजाराने, हे पन्नाशीनंतरच्या रुग्णाला सहसा सांगता येत नाही आणि त्या वयात या आकड्याची विश्वासार्हता कमी होते.

आणखी एक साधी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे टक्केवारी कशाची आहे. एका रुग्णाला कीड, हिरड्यांची सूज आणि अडकलेली अक्कलदाढ असे तिन्ही आजार असू शकतात. शंभर रुग्णांच्या अभ्यासात निदानांची संख्या अडीचशेही भरू शकते. काही अभ्यासक टक्केवारी रुग्णांवर काढतात, काही निदानांवर, तर काही दातांवर. शिवाय नोंदी कोणत्या विभागातील आहेत हेही पाहावे लागते. दात काढण्याच्या विभागाच्या नोंदवहीत दात काढणेच अधिक दिसणार, यात नवल नाही.

उपचाराच्या रकान्यात काय दडलेले असते

दात काढण्याचे प्रमाण जास्त दिसले की ‘आजार फार बळावलेला होता’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा असतो. रूट कॅनालसाठी साधारणपणे दोन-तीन वेळा यावे लागते. त्यानंतर दाढेवर कॅप बसवावी लागते, कारण किडीने आणि उपचाराने पोखरलेली दाढ कॅपशिवाय फुटण्याचा धोका असतो. दात काढणे मात्र सुन्न करण्याचे इंजेक्शन देऊन एकाच फेरीत उरकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस कामावर गेले नाही तर कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, खाडा पडतो. अशा जोडप्यातील बाईला दंतवैद्य ‘दाढ वाचेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा या’ असे सांगतो आणि ती ‘काढूनच टाका’ म्हणते, तेव्हा केसपेपरवर ‘दात काढला’ एवढेच लिहिले जाते. दाढ वाचण्यासारखी होती, ही गोष्ट त्या नोंदीत कोठेच उरत नाही. संशोधकाने नंतर तो कागद वाचून त्या दाढेला ‘वाचवता न येणारी’ ठरवले, तर त्या बाईच्या परिस्थितीचा दोष आजारावर टाकल्यासारखे होते.

या नोंदींमध्ये ऋतूचाही परिणाम असतो. जो अभ्यास नोव्हेंबर ते मार्च या काळातील रुग्णांवर झाला, त्यात ऊसतोड कुटुंबे जवळजवळ नसणार. जो पेरणीच्या दिवसांत झाला, त्यात शेतकरी कमी असणार. अभ्यासाचा काळ पूर्ण वर्षाचा आहे का, ही विचारपूस आपल्या भागासाठी औपचारिक नाही.

दाढ काढल्यानंतर काय होते, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण ‘एक दाढ गेली तर काय बिघडते’ ही समजूत खोलवर रुजलेली आहे. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हळूहळू त्या फटीत कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ खाली किंवा वर सरकते, अन्न अडकू लागते आणि चावणे एकाच बाजूने होऊ लागते. ब्रिज, इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारी कवळी हे त्यावरील उपाय आहेत आणि ते सारे वेळेत भरलेल्या सिमेंटपेक्षा कितीतरी महाग आहेत. वरची दाढ काढल्याने डोळ्याची नजर जाते, या भीतीला मात्र शरीररचनेत काही आधार नाही. दृष्टीची नस मेंदूतून स्वतंत्रपणे डोळ्याकडे जाते, दाढेच्या मुळाशी तिचा संबंध येत नाही.

हिरड्या : न दुखणारा आजार

हिरड्यांच्या आजाराविषयीचा सर्वांत बोलका प्रयोग १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑरहूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साठणारा जिवाणूंचा थर हेच हिरड्या सुजण्याचे कारण आहे आणि त्या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो, ही गोष्ट या छोट्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध झाली.

अडचण पुढे आहे. हा थर घट्ट होऊन त्याचे कीटण बनले की ते ब्रशने निघत नाही. काही लोकांत सूज हिरडीवर न थांबता दाताला धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत उतरते आणि ते हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. हे सारे होताना दुखत नाही. घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो आणि पुष्कळ लोक रक्त दिसते म्हणून त्या ठिकाणी घासणेच सोडतात, त्यामुळे आजार वाढतो. दात हलू लागल्यावर माणूस दवाखान्यात येतो. त्या वेळी कीटण काढले की दात अधिक हलतो असे वाटते, कारण कीटणाने आतापर्यंत त्या सैल दातांना बांधून ठेवलेले असते. ‘दात साफ केल्याने दात ढिले होतात’ हा समज या अनुभवातून पसरला आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. दात ढिला होतो तो हाड गेल्यामुळे. कीटण निघाल्यावर ते फक्त दिसू लागते.

संशोधन वाचताना येथे एक तपासणी महत्त्वाची ठरते. हिरडी आणि दात यांच्यामधील खाच बारीक खुणा असलेल्या बोथट सळईने मोजतात. निरोगी खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते, चार किंवा त्याहून अधिक खोली आजाराकडे बोट दाखवते. शिबिरात बॅटरीच्या उजेडात फक्त पाहून केलेल्या तपासणीत ही मोजणी होत नाही. अशा अभ्यासात हिरड्यांच्या आजाराचे प्रमाण कमी दिसले, तर त्या गावाच्या हिरड्या चांगल्या आहेत असा अर्थ काढू नये.

मधुमेहाशी या आजाराचे नाते दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार लवकर बळावतो आणि हिरड्यांतील सततची सूज साखर नियंत्रणात आणणे अवघड करते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३५ चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेही रुग्णांत तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारी चाचणी) सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेले आढळले. मधुमेहाचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘हिरड्यांतून रक्त येते का’ हा एक प्रश्न विचारायला हवा, असे म्हणायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

सुपारी, गुटखा आणि मिसरी

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करत असल्याचे दिसले. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः ओढली जात नाही, ती तोंडात धरली जाते किंवा दातांना लावली जाते. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगजनक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला याच गटात ठेवले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

सुपारीमुळे होणारा तोंडाचा एक आजार दंतरुग्णांच्या नोंदींत तरुण वयात दिसतो, तो म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गालांच्या आतील मऊ अस्तर हळूहळू तंतुमय आणि कडक होत जाते. सुरुवातीची तक्रार ‘तिखट झोंबतं’ एवढीच असते. पुढे तोंड उघडणे कमी होते. स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहता येते. ती जात नसतील तर दंतवैद्याला दाखवण्यास उशीर करू नये. एकदा बनलेले तंतू पूर्वीसारखे होत नाहीत. सुपारी बंद करणे, तोंडाचे व्यायाम, औषधे, इंजेक्शने आणि बळावल्यास शस्त्रक्रिया यांनी आजार रोखता येतो आणि तोंड काही प्रमाणात उघडता येते. यातील काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो, त्यामुळे दर काही महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी लागते.

मिसरीचा मुद्दा संशोधनाच्या दृष्टीने वेगळा आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून सकाळी दातांना लावण्याची सवय मराठवाड्यातील अनेक बायांना आहे आणि ती दिवसातून तीन-चार वेळा होते. प्रश्नावलीत ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ‘न्हाई’ असे उत्तर येते आणि त्यात खोटे काही नसते, कारण मिसरी खाण्याची वस्तू म्हणून मोजलीच जात नाही. ‘सकाळी दात कशानं घासता? दिवसात आणखी कधी लावता?’ असे विचारले की खरी माहिती मिळते. ज्या अभ्यासात हा प्रश्न नाही, त्यातील स्त्रियांच्या तंबाखूसेवनाचा आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

पिवळे-तपकिरी डाग

मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील काही तालुक्यांत ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात. किनवटसारख्या भागातील बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याचा प्रश्न तेथून येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. कायमचे दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, फ्लोराइड जास्त गेले तर इनॅमलवर पांढरे, पुढे तपकिरी होणारे डाग पडतात. प्रौढपणी ते पाणी प्यायल्याने दातांवर नवे डाग पडत नाहीत, हाडांना मात्र त्रास होऊ शकतो. म्हणून अशा अभ्यासात आजचा पत्ता लिहून भागत नाही, बालपण कोणत्या गावात गेले हे विचारावे लागते. लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रीच्या दातांवरील डाग तिच्या माहेरच्या पाण्याचे असतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टशी या प्रश्नाची गल्लत करू नये. प्रौढांनी ती वापरावी, तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि ती थुंकायला शिकवावे.

अभ्यास किती भरवशाचा आहे, हे ठरवण्यासाठी वाचकाला संख्याशास्त्र यायलाच हवे असे नाही. तपासणारे एकापेक्षा अधिक असतील तर त्यांचे निदान एकमेकांशी जुळते का, हे आधी तपासले होते का? त्यासाठी कप्पा नावाचा आकडा देतात. तो १ असेल तर पूर्ण एकमत, ० असेल तर निव्वळ योगायोगाइतकेच एकमत. एक्स-रे काढले होते का? दोन दाढांच्या मधली कीड डोळ्यांना बहुतेकदा दिसत नाही. एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

या सर्व नोंदींत मला एक रकाना नेहमी हवासा वाटतो आणि तो सहसा नसतो. दुखणे पहिल्यांदा कधी जाणवले, त्यानंतर आधी कोठे दाखवले, तेथे काय दिले, येथे यायला किती पैसे आणि किती तास लागले आणि कोणता उपचार सुचवला असताना रुग्णाने कोणता स्वीकारला. सुचवलेला आणि स्वीकारलेला उपचार वेगवेगळे लिहिले, तर काढलेल्या दाढांपैकी किती आजारामुळे गेल्या आणि किती अंतर, पैसा व रजेअभावी गेल्या, हे कोणत्याही नव्या यंत्राशिवाय कळू शकेल. त्यासाठी केसपेपरवर दोन ओळी वाढवाव्या लागतील.

ज्यांना पुन्हा-पुन्हा येता येत नाही त्यांच्यासाठी एका फेरीत होणारे उपाय आज उपलब्ध आहेत. ड्रिल आणि विजेशिवाय, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावला तर बहुतेक ठिकाणी कीड थांबते, किडलेला भाग मात्र काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध, ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट या तिन्हींचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. बीड, जालना, परभणीतील तांड्यांवर आणि वस्त्यांवर ही कामे करायची तर ती दसऱ्याच्या आधी करावी लागतील, कारण त्यानंतर सहा-सात वर्षांची मुलेही आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फडावर गेलेली असतात आणि त्यांच्या तोंडात नुकत्याच आलेल्या ४६ क्रमांकाच्या दाढेच्या खाचा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी पाहणार नसते.